फोटो मोबाइलवर फिका का पडतो?

तुमचं म्हणणं असं की कॅमेरा अ‍ॅडोबी आरजीबी या कलर स्पेसवर आहे, एडिट करताना मोरपिसाचा रंग झकास दिसतो आणि तोच फोटो मोबाइलवर पाठवला की मरगळतो. मग तिच्याहून मोठी प्रोफोटो आरजीबी ही कलर स्पेस घ्यावी का? नको, त्यानं दुखणं वाढेल.

फाइलमध्ये रंग नसतात, आकडे असतात. कुठला आकडा म्हणजे कुठला रंग, हे कलर स्पेस ठरवते. एसआरजीबी या सर्रास वापरातल्या कलर स्पेसमधला भडक लाल म्हणजे (लाल, हिरवा, निळा या क्रमानं) २५५, ०, ०. नेमका तोच लाल अ‍ॅडोबी आरजीबीत २१९, ०, ० असा लिहिला जातो. आता वाटेत प्रोफाइल (कलर स्पेस कुठली हे सांगणारी, फाइलसोबतची चिठ्ठी) गळून पडलं किंवा समोरच्या अ‍ॅपनं ते वाचलंच नाही, तर २१९ हा आकडा एसआरजीबीचा समजला जातो आणि लाल काळवंडतो. तुमच्या मोरपिसाचंही हेच झालंय. मी स्वतः एका स्पर्धेला असेच फोटो पाठवून बसलोय. निकाल लागल्यावर तिथल्या पडद्यावर ते पाहिले आणि परीक्षकांवरचा राग गेला.

अ‍ॅडोबी आरजीबी मोठी आहे, पण सगळीकडून नाही. तिचे लाल आणि निळा हे मूळ बिंदू (ज्यांच्या मिश्रणातून बाकीचे रंग बनतात ते) एसआरजीबीचेच आहेत, फक्त हिरवा पुढे सरकलाय. म्हणजे फायदा मुख्यतः हिरव्या-निळसर छटांत, आणि तोही तुमचा मॉनिटर किंवा प्रिंटर त्या छटा दाखवू शकला तरच. माणसांचे फोटो काढणाऱ्याला फरक शोधूनही सापडायचा नाही.

रॉ (सेन्सरची कच्ची नोंद ठेवणारी फाइल) काढत असाल तर कॅमेऱ्यातली ती सेटिंग विसरा. रॉला कलर स्पेस नसतेच. ती निवड जेपेगला आणि कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरच्या प्रिव्ह्यूला आणि हिस्टोग्रामला (उजेडाच्या आलेखाला) लागते. नुसते जेपेग काढत असाल तर सरळ एसआरजीबी ठेवा.

प्रोफोटो एडिटिंगपुरती चांगली, पण १६ बिटमध्येच, म्हणजे प्रत्येक रंगाला भरपूर पायऱ्या असतील तरच. इतक्या अवाढव्य जागेत (तिचे काही रंग तर डोळ्याला दिसूच शकत नाहीत) ८ बिटच्या २५६ पायऱ्या ताणल्या की आकाशात पट्टे उमटतात. प्रोफोटोत जेपेग करून कुणाला पाठवणं म्हणजे घोळाला आमंत्रण.

पाठवताना फोटोची प्रत काढा, ती एसआरजीबीत कन्व्हर्ट करा आणि प्रोफाइल एम्बेड करा, म्हणजे फाइलमध्येच जोडा. नवे फोन डिस्प्ले पी३ (एसआरजीबीहून मोठी कलर स्पेस) दाखवतात हे खरं, पण समोरच्याचा फोन कुठला आणि मधलं अ‍ॅप फाइलचं काय करतं, हे तुमच्या हातात नाही. कन्व्हर्ट करताना नव्या जागेत न बसणारे रंग आत घ्यायची पद्धत परसेप्च्युअल की रिलेटिव्ह यावर लोक तासन्‌तास भांडतात. नेहमीच्या एसआरजीबी प्रोफाइलला दोन्हींचा निकाल सारखाच येतो.

फक्त ‘असाइन’ आणि ‘कन्व्हर्ट’ यांत गल्लत करू नका. कन्व्हर्टमध्ये आकडे बदलतात, रंग जागेवर राहतात. असाइनमध्ये आकडे तेच राहून अर्थ बदलतो, म्हणून रंग उड्या मारतात. असाइनचा खरा उपयोग तुमच्यासारख्या प्रसंगी: प्रोफाइल गेलेली ती फिकी फाइल उघडा, आधी अ‍ॅडोबी आरजीबी असाइन करा, मोरपीस पुन्हा उजळलं की मग एसआरजीबीत कन्व्हर्ट करून परत पाठवा.