कोहळं कोरायला कोणती हत्यारं?

प्रश्न : 31 ऑक्टोबरच्या हॅलोविनसाठी सोसायटीतल्या मुलांना कोहळं कोरून त्यात दिवा ठेवायचाय. घरची सुरी मध्येच रुतून बसली. नेमकं काय आणावं? कोरलेलं टिकेल किती?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : (पुण्याकडच्या वाचकांसाठी : हे कोहळं म्हणजे लाल भोपळा, पेठ्याचा पांढरा कोहळा नव्हे.)

सुरी रुतणारच. रुंद पातं पाचरीसारखं घुसतं, गर त्याला दोन्हीकडून आवळतो. जोर लावला की एकदम सुटतं आणि दुसऱ्या हातावर येतं. अरुंद, दातेरी पातंच हवं. बूड उघडायला हार्डवेअरवाल्याकडची जिप्सम बोर्ड कापायची टोकदार करवत चांगली. डोळे-तोंडाला कोरीवकामाच्या संचातली बोटभर करवत घ्या. ती वर-खाली चालवा, पिळू नका. कोपरा आला की बाहेर काढून नव्या दिशेने घाला. हॅक्सॉ ब्लेड घेऊ नका. अर्धा इंच रुंद असल्याने ते वळत नाही, आणि बारीक दाते ओल्या गराने बुजतात.

पण करवतीपेक्षा खरवडायच्या हत्याराची निवड महत्त्वाची. अमेरिकेत कोरायचे भोपळे बरेच पोकळ असतात. आपलं भाजीचं कोहळं गच्च. चेहऱ्याकडची भिंत आतून अडीच सेंमीपर्यंत आणली नाही, तर करवत अडते आणि उजेड बोळातून आल्यासारखा अंधूक दिसतो. साधा चमचा वाकतो. हातात धरायची नारळाची खवणी किंवा जाड दांड्याचा आइस्क्रीम स्कूप घ्या. जाडी मोजायला दाभणाला टोकापासून अडीच सेंमीवर चिकटपट्टी लावा आणि डोळ्याच्या जागी बाहेरून टोचा, तो तुकडा निघणारच आहे. पट्टी सालीला टेकताना आत टोक दिसलं की खरवडणं थांबवा.

चित्राचा कागद चिकटवून रेषेवर टाचणीने भोकं पाडा. ओल्या सालीवर पेन चालत नाही. आधी बारीक तुकडे कापा, तोंड शेवटी. तोंड आधी कापलं तर दातांमधल्या पट्ट्या हाताच्या दाबाने मोडतात.

टिकण्याचं म्हणाल, तर नागपुरात ऑक्टोबरअखेरही दुपारी ऊन असतं, दोन-तीन दिवसांत बुरशी येते. आदल्या संध्याकाळी कोरा, कापलेल्या कडांना व्हॅसलीन लावा. मेणबत्तीऐवजी सेलवरचा एलईडी दिवा ठेवा; मेणबत्तीने आतला गर शिजतो आणि चेहरा लवकर खचतो. खरवडलेला गर मात्र व्हॅसलीन लावण्याआधीच बाजूला काढा, बोंडांना (कोहळ्याच्या गोड भज्यांना) लागेल.