वाचकांचे प्रश्न : माळ्यावरचा संसार

प्रश्न : निवृत्तीनंतर आम्ही उभयता दोन खोल्यांत राहायला आलो आहोत. माळा भांड्यांनी आणि गाद्यांनी भरला आहे. त्यांत सासूबाईंचे नाव कोरलेले एक पितळी पातेलेही आहे; ते मोडीत घालावे का? कमी वस्तूंत राहून खरोखर काही साधते का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : निश्चित साधते. आपल्यापासून सेवाग्राम दूर नाही. शक्य झाल्यास दोघांनी तेथे एकदा जाऊन यावे. १९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या या खेड्यात राहायला आले, आणि माती, बांबू व कवेलूंनी बांधलेल्या त्यांच्या कुटीत आजही चटई, बैठे मेज अशा मोजक्याच वस्तू दिसतात. आलेल्या पाकिटांच्या कोऱ्या बाजूवर ते मजकूर लिहीत. गांधीजींच्या आश्रमाच्या एकादश, म्हणजे अकरा, व्रतांतील अपरिग्रहाचा अर्थ हालात राहणे असा नसून, गरजेपलीकडे साठा न करणे असा आहे, हे तेथे डोळ्यांनी पाहता येते.

आपल्या घरी मिळणारा पहिला लाभ वेळेचा आहे, कारण प्रत्येक वस्तू पुसावी, झाकावी, शोधावी लागते आणि उतारवयात माळ्यावर चढणे धोक्याचेही असते. गाद्या लगेच, वापरण्याजोग्या आहेत तोवरच, गरजूंना द्याव्यात. भांड्यांची मात्र घाई करू नये. ज्या पितळी पातेल्यावर सासूबाईंचे नाव कोरलेले आहे, ते मोडीत घालण्याचा निर्णय एकट्याने घेणे मला अन्यायाचे वाटते. ते खाली काढून, चिंच-मिठाने घासून, कल्हई करून रोजच्या वरणाला वापरावे.