समासात काय लिहिलंय?

प्रश्न : कोपर्निकसचं पुस्तक १५४३ साली छापून आलं, एवढं शाळेत शिकलो. पण ते त्या काळी कोणी वाचलं, कोणाला त्यातलं काय पटलं, हे आजचे संशोधक कशावरून सांगतात? सगळा अंदाजच ना?
– एक वाचक, नारायण पेठ, पुणे

उत्तर : अंदाज असतोच, पण हवेतला नाही. ‘हे पुस्तक कोणी वाचलंच नाही’ असं एका नावाजलेल्या लेखकाने ठोकून दिलं होतं. हार्वर्डचे खगोलशास्त्रज्ञ ओवेन गिंगरिच यांनी मग देशोदेशीची ग्रंथालयं पालथी घातली आणि १५४३ व १५६६ या दोन आवृत्त्यांच्या ६००च्या आसपास प्रतींची नोंद केली. आपल्या भांडारकर संस्थेने महाभारताच्या पोथ्या ताडून पाहिल्या, त्याच चिकाटीचं काम. फरक एवढाच, की तिथे लक्ष संहितेवर होतं, इथे समासावर, म्हणजे पानाच्या कडेच्या कोऱ्या जागेत वाचकांनी लिहिलेल्या टिपांवर.

जर्मनीतल्या विटेनबर्गचे प्राध्यापक एरास्मुस राइनहोल्ड यांची प्रत आज एडिनबर्गमध्ये आहे. सूर्य मध्यभागी आणि पृथ्वी फिरती, हे सांगणाऱ्या सुरुवातीच्या पानांवर त्यांनी फारसं काही लिहिलेलं नाही. ग्रहगणिताची किचकट प्रकरणं लागली की मात्र समास गच्च भरलेला! मुखपृष्ठावर लॅटिनमध्ये नोंद आहे : आकाशातली गती एकसमान व वर्तुळाकार असते, किंवा तशा गतींची मिळून बनलेली. म्हणजे आपण ज्याला क्रांती म्हणतो, ती त्यांनी बाजूला ठेवली आणि गणित तेवढं उचललं. गुरूंच्या अशा टिपा शिष्यांनी आपापल्या प्रतींत उतरवून घेतल्या, त्यामुळे कोण कोणापाशी शिकलं तेही उलगडतं.

रोमच्या कॅथलिक चर्चने १६२० साली पुस्तकातल्या दुरुस्त्यांची यादी काढली. इटलीतल्या बऱ्याच प्रतींत ती वाक्यं शाईने खोडलेली सापडली. स्पेनमधल्या प्रतींना जवळपास कोणी हात लावलेला नाही. रोमचा हुकूम कुठवर चालत होता, हे हुकूमनामा वाचून थोडंच कळलं असतं?

पुस्तकं वाचणाऱ्यांचं असं कळतं; कारागिरांचं ज्ञान मात्र समासात सापडत नाही. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात सोळाव्या शतकातलं एक हस्तलिखित आहे, त्यात सरडे-सापांवरून धातूचे हुबेहूब ओतीव नमुने करण्याच्या कृती आहेत. कोलंबिया विद्यापीठात पामेला स्मिथ यांच्या गटाने त्या वहीतल्या कृती प्रयोगशाळेत करून पाहिल्या. मला हा मार्ग फार आवडतो. नुसतं वाचून त्या कृतींतलं निम्मंही कळत नाही.

आणि हो, आजोबांची जुनी पुस्तकं बांधायला टाकणार असाल, तर ‘कडा कापू नका’ असं बाइंडरला आधीच बजावा. बांधणी सुबक व्हावी म्हणून तो समासच छाटतो.