वाचक विचारतात: खारफुटीतली कयाक फेरी

प्रश्न: वाटाड्यासोबत खारफुटीतून कयाकने जाणार आहोत. त्याने पहाटे साडेपाचला बोलावलंय. आठवडाभर आधी गेलेल्या मैत्रिणीला मात्र अकराची वेळ होती. थोडं उशिरा निघालं तर चालेल का?

उत्तर: नाही. दोन्ही वेळा भरतीवरून ठरल्या आहेत. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, म्हणजे आठवड्यात सुमारे सहा तास. दिवसात भरती दोनदा येते, त्यामुळे मैत्रिणीची अकराची वेळ संध्याकाळकडे सरकली आणि दुसऱ्या भरतीची वेळ पहाटे आली. अरुंद फाट्यांत भरतीच्या शेवटच्या दोन तासांत शिरायचं आणि पाणी वळलं की परतीला लागायचं.

ओहोटी सहा तास चालते, पण पाणी एकसारखं उतरत नाही. ढोबळ हिशोब असा: पहिल्या तासात एकूण उताराचा बारावा हिस्सा जातो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग दोन आणि एक. भरती-ओहोटीत 3 मीटरचा फरक असेल तर मधल्या दोनच तासांत दीड मीटर पाणी निघून जातं. तेव्हा आत असाल तर कयाक चिखलावर बसते आणि तेवढं पाणी परत यायला सहाएक तास लागतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात फरक मोठा आणि ओढही जास्त. नवख्यांनी अष्टमीच्या आसपासचे भांगाचे, म्हणजे कमी फरकाचे दिवस निवडावेत. भरती-ओहोटीच्या तक्त्यातली वेळ बंदराची असते, नदीत आत भरती उशिरा पोहोचते. किती उशिरा, हे त्या पाण्यातल्या माणसालाच ठाऊक. गिऱ्हाइकाच्या सोयीने वेळ बदलून देणारा वाटाड्या आम्हाला भरवशाचा वाटत नाही.

प्रश्न: प्रवाहाने कयाक मुळांवर ढकलली तर?

उत्तर: माणूस घाबरून मुळांपासून लांब झुकतो, आणि तिथेच उलटतो. प्रवाहाकडची कड खाली जाते, पाणी तिच्यावर चढतं. म्हणून झुकायचं मुळांकडेच. तो आधार धरून कयाक हळूहळू पुढे किंवा मागे सरकवायची. मुळांवर कालवं असतात, त्यांच्या कडा धारदार. हात ठेवताना जपा. डोक्यावरची फांदी मात्र धरू नका. कयाक पुढे निघून जाते, तुम्ही फांदीला लटकता.

प्रश्न: चिखलात रुतल्यास उतरून ढकलावी का?

उत्तर: उतरू नका, पाय गुडघ्याच्या वर जातो. रुतलेल्या टोकाकडचा भार दुसऱ्या टोकाकडे न्या, कयाक डावी-उजवी डोलवा आणि वल्ह्याचं पातं चिखलावर सपाट टेकवून रेटा द्या. पातं उभं खुपसलं तर तेच अडकतं. पाय रुतलाच, तर कयाकवर पालथं पडून अंगाचा भार तिच्यावर टाका आणि एकेक पाय हलवत सावकाश काढा. चप्पल चिखलातच राहते. घोट्याला घट्ट बसणारे बूट घाला.

प्रश्न: लाइफ जॅकेट नीट बसलंय हे कसं कळतं?

उत्तर: सगळे पट्टे आवळून झाले की कुणाला तरी खांद्यांवरून वर ओढायला सांगा. ते हनुवटीपर्यंत सरकलं तर सैल आहे.