"माझ्या सहीनं बाबा गेले का?"

दहाव्याला कावळा पिंडाला लवकर शिवेना. आत्या सगळ्यांदेखत म्हणाली, "कसा शिवेल? पोटच्या पोरीनंच नळी काढायला सही केली." महिन्याभरानं ही 46 वर्षांची लेक समुपदेशनाला आली, हॉस्पिटलची जाडजूड फाइल छातीशी धरून. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वडील 78 वर्षांचे, मेंदूत मोठा रक्तस्राव, नऊ दिवस व्हेंटिलेटर. शुद्ध आलीच नाही. तिचा प्रश्न एकच होता: "मी मारलं का त्यांना?"

अशा वेळी "छे, तुमचा काय दोष" म्हणणं सोपं, पण निरुपयोगी. ज्याला अपराधी वाटतंय त्याच्या मनाला ते शिवतही नाही. म्हणून फाइलच उघडली.

तिला सगळ्यात जास्त टोचत होतं ते इंजेक्शन. नळी काढली, सिस्टरनं इंजेक्शन दिलं, चाळीस मिनिटांत बाबा गेले. म्हणजे इंजेक्शननंच गेले. नोंदींचा कागद तिच्याच हातात दिला. श्वास मिनिटाला 36. मॉर्फिन 2 मिलिग्रॅम, शिरेतून. दहा मिनिटांनी श्वास 32. पुन्हा 2 मिलिग्रॅम. मग श्वास 24, आणि त्यापुढे औषधाचा रकाना रिकामा. "जीव घ्यायचा असता तर 24 वर हात का थांबला असता?" त्या रिकाम्या रकान्यावर बोट ठेवून ती बराच वेळ बसून राहिली. धाप कमी होईल एवढंच औषध द्यायचं, परिणाम बघायचा, लागलं तरच पुढचा डोस, हे शांतवणं झालं. श्वास बंदच पडावा म्हणून एकदम मोठा डोस देणं म्हणजे मारणं. रुग्णानं विनवलं तरी भारतात तो गुन्हाच आहे.

शेवटचे आचके तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हते. गाढ बेशुद्धीतले ते आचके मेंदूच्या तळाशी आपोआप चालणाऱ्या यंत्रणेचे असतात. माणूस आत गुदमरत असतो असं नाही. हे नळी काढण्याआधी कुणीतरी सांगायला हवं होतं. बहुतेक ठिकाणी ते राहून जातं.

"लावलीच नसती तर चाललं असतं, पण लावलेली काढली ना मी." हे वाक्य जवळजवळ प्रत्येक घरातून ऐकू येतं. व्हेंटिलेटर आशेनं लावतात, काही दिवस वाट बघतात. उपयोग होत नाही असं ठरल्यावर थांबवणं हा त्याच उपचाराचा भाग असतो. काढणं पाप ठरलं तर लोक लावायलाच घाबरतील, आणि जे वाचू शकले असते तेही जातील. बाबा गेले ते रक्तस्रावानं.

मात्र "आम्ही काही केलं नाही, नुसतं जाऊ दिलं" एवढ्यानं कुणी सुटत नाही. बरी होऊ शकणाऱ्या आईचं इन्सुलिन जमिनीसाठी थांबवणाऱ्यानं बोटही लावलेलं नसतं, तरी तो मारतोच. म्हणून बघायचं ते हे: सुधारण्याची शक्यता होती का, आणि इच्छा कुणाची होती?

इथेच तिच्याशी चूक झाली होती. डॉक्टरांनी विचारलं, "तुम्हाला काय करायचंय?" विचारायला हवं होतं, "बाबांना काय हवं असतं?" हा प्रश्न ऐकल्यावर तिला आठवलं: शेजारच्या काकांना बघून आल्यावर बाबा म्हणाले होते, "मला असं नळ्यांत ठेवू नका गं." सही तिची होती, जबाबदारीही होती, पण शब्द बाबांचे होते.

हल्ल्यानंतर अनेक वर्षं भान हरपून पडून असलेल्या, मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या नर्स अरुणा शानबाग यांच्या खटल्यात 7 मार्च 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयानं उपचार थांबवायची वाट तत्त्वतः मोकळी केली, पण त्यांच्या बाबतीत परवानगी नाकारली; वर्षानुवर्षं त्यांना सांभाळणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांना त्या जगायला हव्या होत्या. आजची पद्धत याच न्यायालयाच्या 9 मार्च 2018 च्या निकालातून आली आणि 24 जानेवारी 2023 ला सोपी झाली. उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ यांचं पहिलं मंडळ, मग वेगळ्या तीन डॉक्टरांचं दुसरं, शक्यतो 48 तासांत मत, नातेवाइकांची संमती, आणि अंमलाआधी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवणं. तिच्या फाइलमध्ये हे सगळे कागद होते. तिची सही सगळ्यांत शेवटची.

ही वाट टाळून "स्वतःच्या जबाबदारीवर" रुग्णाला घरी नेतात, तेव्हा जास्त बिघडतं. मॉर्फिन नाही, सिस्टर नाही, अँब्युलन्समध्ये हातानं दाबून श्वास देणारा फुगा उंबऱ्यावर काढला जातो आणि सगळं घर तो त्रास बघत बसतं.

वडीलधाऱ्यांनी हे लिहूनच ठेवावं. वैद्यकीय इच्छापत्र अठरा वर्षांवरच्या, मन ठिकाणावर असलेल्या कुणालाही करता येतं: दोन साक्षीदार, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही, आपल्या वतीनं बोलणाऱ्यांची नावं (एकाहून जास्त चालतात), आणि एक प्रत फॅमिली डॉक्टरांकडे.

पुढच्या वेळी ती आत्यालाच घेऊन आली. आत्या फाइलकडे बघेचना. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "त्याला तहान लागली असेल का गं?" नर्सिंगच्या नोंदींत दर दोन तासांनी एक ओळ होती: तोंड ओल्या बोळ्यानं पुसलं. लेकीनं ती मोठ्यानं वाचून दाखवली.