दोनशे गेम नकोत, चार कॅरम घ्या

बाणेरला अठराशे स्क्वेअर फुटांच्या गाळ्यात बोर्ड गेमचा बार, त्यात दोनशे गेम, आणि गेमर्सबरोबरच ऑफिसची मंडळी, मित्रमैत्रिणी, काका-मावश्या सगळे यावेत, असा तुमचा बेत आहे. भागीदारीत असंच एक ठिकाण काही वर्षं चालवलंय, म्हणून जरा स्पष्टच लिहितो.

दोनशे गेम घेऊ नका. आम्हीही कपाट भरून आणले होते. त्यातले वीस-पंचवीस फिरायचे, बाकीच्यांवर धूळ. कॅटान, म्हणजे विटा-लाकडाची देवाणघेवाण करत वस्ती वसवायचा बोर्ड गेम, खेळ म्हणून झकास, पण गल्ल्याला मारक. वीस मिनिटं नियम समजावण्यात जातात, पुढे दीड तास डाव, आणि विटा-लाकडाच्या सौद्यात चौघं असे रंगतात की दुसरी बिअर मागवायचं भानच राहत नाही. शनिवारी रात्री नऊला ते टेबल अडकलं की दारातले सहा जण शेजारच्या हॉटेलात गेलेच म्हणून समजा. कॅटान ठेवा, पण मंगळवार-बुधवारसाठी.

कॅरम, उनो, जेंगा, लुडो यांना शिकवणी लागत नाही. हरलेला "अजून एक डाव" म्हणतो आणि त्याच दमात मसाला पापड सांगतो. आमच्याकडे एक निवृत्त काका सुनेला घेऊन यायचे. ते लिंबू-सोडा, ती बिअर. क्वीन कव्हर झाली की नाही यावर दोघांचं कडाक्याचं भांडण, आणि आजूबाजूची अनोळखी पोरं पंच. तुम्हाला हवी ती सरमिसळ मी कॅरमपाशीच पाहिली.

मात्र पावडर! पहिल्याच महिन्यात आमचा वेटर दोन पिचरसकट आडवा झाला. बोर्डाखाली रबरी मॅट टाका. ग्लाससाठी बाजूला छोटं स्टूल द्या, नाहीतर बोर्डाच्या कडेवर ओला ग्लास येतोच आणि प्लाय फुगतो. पत्ते प्लास्टिकचेच घ्या.

आता कायद्याचं. महाराष्ट्रात बिअर-वाइनला वय २१, बाकी दारूला २५. त्यामुळे कॉलेजच्या पोरांवर हिशेब मांडू नका. पत्त्यांवर पैसे लागले की १८८७चा जुगारबंदी कायदा दारात उभा. "रमी कौशल्याचा खेळ आहे, कोर्टानेच सांगितलंय," असं कोणीतरी ऐकवेलच. खरं आहे, पण जागेचा मालक त्या डावातून कमाई करू लागला की त्याच निकालाचा आधार सुटतो. आम्ही टेबलावर नोट दिसली की पत्ते उचलायचो. दोन गिऱ्हाइकं कायमची तुटली, तुटू दिली.

गेम कमी केल्याने वाचलेले पैसे टॉयलेट आणि उजेडावर घाला. बायकांचा ग्रुप एकदा आला की पुन्हा येतो का, ते तिथेच ठरतं.

आणि भाडेकरारावर सही केली नसेल, तर थांबा. आधी उत्पादन शुल्क खात्याच्या ऑफिसात जाऊन त्या गाळ्यावर एफएल-३, म्हणजे हॉटेलात बसून दारू पिऊ देण्याचं लायसन्स, मिळतं का, शाळा-देवळापासूनचं अंतर बसतं का, ते विचारून या. आम्ही उलट केलं आणि शटर बंद ठेवून पाच महिने भाडं भरलं.