लहान कंपनीत कर्मचाऱ्यांचे मूल्यमापन कसे करावे आणि त्यासाठी बेल कर्व्ह वापरावा का?

सुमारे चाळीस जणांच्या कंपनीत वार्षिक अप्रेजल कसे करावे आणि मोठ्या कंपन्यांप्रमाणे बेल कर्व्ह (म्हणजे वरचा, मधला आणि खालचा शेरा किती जणांना द्यायचा हे आधीच ठरवून केलेली विभागणी) लावावा का, असे आपण विचारले आहे. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत मनुष्यबळ विभागाचे काम करताना माझे जे मत बनले, ते लिहितो.

बेल कर्व्ह लावू नये. आठ जणांच्या विभागात एकाला सर्वांत खालचा शेरा द्यायचाच असे आधीच ठरवले, तर आठही जणांनी चोख काम केले तरी कोणाच्या तरी वाट्याला तो येणारच, आणि हे एकदा लक्षात आले की अनुभवी माणूस नव्याला काम शिकवताना हात आखडता घेतो. जॅक वेल्च प्रमुख असताना जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीने तळाच्या दहा टक्क्यांना वेगळे काढून कामावरून कमी करण्याची पद्धत रूढ केली आणि अनेकांनी तिचे अनुकरण केले; परंतु मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये अशी सक्तीची क्रमवारी बंद केली.

मुख्य मुद्दा मात्र अप्रेजलच्या फॉर्मचा नाही. मार्चमधल्या बैठकीत कर्मचाऱ्याला स्वतःबद्दल काहीही पहिल्यांदाच ऐकायला मिळत असेल, तर वर्षभर व्यवस्थापन झालेलेच नाही, असे मी मानतो. सरकारी सेवेतील गोपनीय अहवालांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये देव दत्त या अभियंत्याच्या खटल्यात हेच तत्त्व मांडले. त्यांच्या अहवालात एका वर्षी ‘चांगला’ असा शेरा होता, पदोन्नतीसाठी ‘अतिशय चांगला’ हवा होता, आणि तो शेरा त्यांना कळवलेलाच नव्हता. प्रत्येक नोंद, मग ती वरवर अनुकूल का असेना, संबंधिताला कळवली पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. हा निर्णय खाजगी कंपनीला थेट लागू होत नाही, पण न्यायाची ही किमान पातळी आपणही पाळायला हवी.

त्यासाठी प्रत्येक सुपरवायझरने महिन्यातून एकदा आपल्या माणसाशी स्वतंत्रपणे बोलावे आणि दोन-तीन ओळी तारखेसह लिहून ठेवाव्यात. ‘निष्काळजी आहे’ ही नोंद नव्हे. ‘जुलैमध्ये दोन वेळा तपासणीचा तक्ता न भरता माल पुढे पाठवला’ ही नोंद. अशा नोंदी नसल्या की वर्षाअखेरीस शेवटचे दोन महिनेच आठवतात आणि पावसाळ्यात कोणी केलेले उत्तम काम विसरले जाते. ज्याच्या हातात जे नाही त्याचा हिशेबही त्याच्याकडे मागू नये: स्टोअरमधून टूल उशिरा आले आणि उत्पादन घटले, तर तो दोष मशीनवरच्या माणसाचा नव्हे.

पगारवाढीची चर्चा आणि सुधारणेची चर्चा एकाच बैठकीत उरकू नये. जनरल इलेक्ट्रिकमध्येच झालेल्या आणि १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा निष्कर्षही याच दिशेचा होता, कारण पैशाचा विषय निघाला की माणूस ऐकण्याऐवजी स्वतःचा बचाव करू लागतो.

शेरे अंतिम करण्याआधी सर्व सुपरवायझरना एकत्र बसवून प्रत्येक शेऱ्याचे कारण नोंदींसह मांडायला सांगावे, म्हणजे एकाचा हात सैल आणि दुसऱ्याचा कडक हा फरक उघड होतो. फॉर्मवर कर्मचाऱ्याला स्वतःचे म्हणणे लिहिण्यासाठी जागा ठेवावी, आणि तो असहमत असेल तर शेरा देणाऱ्याखेरीज दुसऱ्या वरिष्ठाने ते वाचून पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावे.